तीन सिम आणि टेकाड

हुबळी,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय राणीस,

अप्पाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, तरी विहार झाडायला तीच पुढे. तुझ्या भावाला, लोकेशला, वर्कशॉपमध्ये कायम केलं. माझी लेथ अजून गोकुळ रोडवरच आहे आणि मीही. पाच महिन्यांनी अप्पाचं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून हे सगळं वरच लिहून टाकलं.

पत्राला कारण मोबाइलचं. आपला फॅमिली पॅक महिनाअखेरीला संपतोय. लोकेश म्हणाला, या वेळी नीट तुलना करून घेऊ. मी वहीत तीन रकाने आखले. एक आपल्या कंपनीचा, एक लोकेशने मित्राकडून आणलेल्या सिमचा आणि एक शेजारच्या पद्माअक्कांच्या कंपनीचा. आपली सगळ्यात स्वस्त. लोकेशच्या कंपनीचं नेट पळतं. पद्माअक्कांची महाग, चार नंबरांना मिळून महिन्याला दीडशे रुपये जास्त. मी दर मांडत बसलो होतो, तर तुझी आई म्हणाली, "दर कसले लिवताय? राणीकडं कुठली लागतीय ते बघा की आधी."

तुला माझा स्वभाव माहीत आहे. लेथवरचा जॉब गेजला लावून, माप बरोबर आहे का बघितल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. दुकानदार नकाशावर बोट ठेवून सांगतो ते कव्हरेज मी कसं खरं मानू? म्हणून गेल्या रविवारी तिन्ही कंपन्यांचे फोन, पद्माअक्कांचा मागून घेऊन, खिशात घातले आणि स्कूटरवर निघालो. धारवाडपर्यंत तिन्ही ठणठणीत. अळणावरला आपल्या कंपनीची रेंज गेली. पुढे जंगल सुरू झालं तशी लोकेशचीही गेली. तुझ्या गावात शिरलो तेव्हा तिन्ही मुके झाले होते.

हो, मी तुझ्या गावात आलो होतो.

तुझ्या आरोग्य उपकेंद्राला कुलूप होतं. ओट्यावर एक आजी बसली होती. ती म्हणाली, "सिस्टर सहाला शाळेमागच्या टेकाडावर असतात, फोन तिथंच लागतो, तिकडं जा." मी स्कूटर खाली लावली आणि हेल्मेट न काढताच वर चढलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून एका झाडाआड उभा राहिलो. पद्माअक्कांच्या फोनवर दोन काड्या आल्या. बाकीचे दोन मुकेच.

काय बघितलं ते कसं लिहू? पंधरा-वीस माणसं रांगेने बसलेली. तू मध्ये उभी, हातात वही. ज्याचं माणूस आजारी त्याचा नंबर आधी, मग ज्याचा मुलगा लांब कामाला आहे त्याचा, बाकीचे नंतर. एक पैलवानासारखा गडी मध्ये घुसला, तर तू नुसतं "कुंद्ररी" म्हणालीस आणि तो खाली बसला. बसच्या कंडक्टरकडे सुटे मागायला लाजणारी माझी पोरगी! मला राहवलं नाही. मी तुझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तुझ्याकडे धरला. ती नुसती बघत राहिली.

तेवढ्यात एक माणूस धावत वर आला. बायको अडली आहे, रक्त जातंय, म्हणाला. तू त्याला दोन प्रश्न विचारलेस आणि फोन काढलास. कोणीतरी ओरडलं, "सिस्टर फोन!" आणि राणी, त्या सगळ्यांनी एकदम आपापले फोन बंद केले. एक म्हातारा गोव्यातल्या मुलाशी बोलत होता, बहुतेक आठवड्याने. त्याने "ठेवतो रे" एवढंच म्हटलं आणि ठेवला. टॉवर लांब, एका वेळी मोजकेच कॉल पेलतो, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत. आपल्या विहारात त्रिसरण चालू असतं तेव्हासुद्धा मागे कुजबुज असते. तिथे कोणी खोकलंही नाही.

पण तुझा कॉल लागेना. एकदा, दोनदा, पाच वेळा. ओट्यावरची ती आजी आता वर आली होती. "यारदु फोन चालू ऐति?" असं विचारत ती प्रत्येकाचा फोन बघत फिरत होती. कोणाचा फोन चालू आहे, हे मला एकट्याला माहीत होतं. माझाच. तुझ्या आईची नजर तुझ्यावरून हलत नव्हती, आणि मला वाटलं, अजून एक मिनिट बघू दे. अशी चार मिनिटं गेली. मग मी तो बंद केला आणि त्याच क्षणी तुझा ॲम्ब्युलन्सला फोन लागला.

त्यानंतर तुझ्यासमोर यायचं तोंड राहिलं नाही. उतरून आलो. फाट्यावर ॲम्ब्युलन्स समोरून गेली, तेव्हा स्कूटर थांबवून हात जोडले.

मे महिन्यातलं मी आजवर टाळलं, ते आता लिहितो. आमच्या मालकाच्या ऑफिसात तुझ्यासाठी नोकरी बोलून ठेवली होती, तू ती नाकारलीस आणि जंगलातली निवडलीस. माझा शब्द पडला, तेवढंच मला दिसलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तुझा नंबर आपल्या पॅकमधून मीच काढायला लावला. कंपनीकडूनच बंद झाला असेल, असं तुझ्या आईला सांगितलं, ते खोटं होतं. काल तिला खरं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. तू कुठे चालली होतीस ते मला कळलंच नव्हतं, पोरी. माझं चुकलं.

पद्माअक्कांची कंपनी घ्यायचं ठरलंय. आपल्या पत्र्याखाली तिची रेंज येत नाही, बोलायला रस्त्यावरच्या नळापर्यंत जावं लागेल. तुझी आई लोकेशला म्हणाली, पोरगी टेकाड चढते, आपल्याला नळापर्यंत जायला काय झालं. चौथा नंबर रिकामा ठेवला आहे. तू हो म्हणालीस तरच तुझं नाव घालू.

त्या बाईचं काय झालं? रोज लेथवर उभा राहिलो की तेच डोक्यात येतं. ती आणि बाळ सुखरूप असतील तर लिही. नसतील तरी लिही, अप्पाला जपायचं म्हणून लपवू नकोस. ती चार मिनिटं कोणाची होती, हे त्या गावालाही सांग.

आणि फोन करावासा वाटला, तर आजाऱ्यांचं होऊ दे, लांबच्या मुलांचं होऊ दे, गोव्यातल्या मुलाच्या त्या बापाचं पोटभर बोलून होऊ दे. मग वेळ उरला तर कर.

तुझ्या रांगेत सगळ्यांच्या मागे बसलेला,
तुझा अप्पा
यल्लाप्पा