चौथ्या प्रकरणातले लाडू

।। श्री ।।

हिमायतनगर, हैदराबाद
८ जुलै २००१

ती. सौ. मालनवहिनींच्या चरणी हिम्मतरावाचा सा. न. वि. वि.

तुम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला गेलात आणि जाताना आमच्या थोरल्या बंधूंना माझ्या हवाली केलंत. ऐवज सुरक्षित आहे. राहायला गौलीगुड्यात, जेवायला आमच्याकडे. जेवण वेळेवर होतं, तक्रार वेळेआधी.

नवी बातमी अशी की आमच्या लेकीनं, रेणूनं आम्हा दोघांना कोपऱ्यावरच्या नेट सेंटरात नेलं. तिथं शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्या अख्ख्या वाचायला मिळतात. अमेरिकेतल्या कुणी सद्गृहस्थानं संस्कृत काव्यं रोमन लिपीत चढवलीत. घनपाठी ब्राह्मणाला सूट-बूट घालावा तशी ती दिसतात. आणि एका मराठी साइटवर तुमच्या-आमच्यासारखी माणसं, इंजिनिअर, कारकून, गृहिणी, स्वतःच्या कथा लिहितात.

तुम्ही निघताना रेणूच्या हातात गुपचूप दिलेल्या वहीतली पहिली दोन प्रकरणं तिथं ‘एक गृहिणी’ या नावानं झळकली आहेत. आता बसून घ्या. दादा ती रोज वाचतो. सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला एवढं गुंतलेलं मी पाहिलं नव्हतं. भाजीतलं मीठ तपासनिसाच्या थाटात तपासणारा तो कथेतला नवरा त्याला मुळीच सहन होत नाही. असला माणूस घरात ठेवूच नये, असं तो परवा आमटीत वरून मीठ घालता घालता म्हणाला. साहित्यशास्त्रात नायकाचे चार प्रकार सांगितलेत. दादासाठी पाचवा काढावा लागणार.

कृपालोभ आहेच, तो या बातमीनंतरही टिकावा.

आपला
हिम्मतराव

।। श्री ।।

नांदेड
१३ जुलै २००१

चि. हिम्मतभावजींस मालनचे अनेक आशीर्वाद.

तुम्हाला हसू येतंय, मला नाही. बारा वर्षांपूर्वी दिवाळी अंकाकडून माझी कथा परत आली, तेव्हा ह्यांनी ती पाहुण्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली होती. नाटकातल्यासारखे आवाज काढून. सगळे हसले. तुम्हीही हसला होतात भावजी, मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यानंतर मी लिहिलं ते गव्हाच्या कोठीमागे बसून.

ह्यांना कळलं तर माझं लिहिणं तिथंच थांबेल. ही धमकी समजू नका. मला माझा स्वभाव ठाऊक आहे. मग किराण्याच्या याद्या तेवढ्या लिहीन. म्हणून त्यांना तिथं नेणं बंद करा.

आणि हो, दुसऱ्या प्रकरणाबद्दल ते नेमकं काय म्हणाले ते शब्दन् शब्द कळवा.

तिसरं प्रकरण सोबत आहे. पाहुण्यांचा प्रसंग त्यातच घातलाय. नातू गोरा आहे, रडतो मात्र आजोबांसारखा, कारण नसताना. मायेत अंतर पडू देऊ नका, शहाणपणातही.

तुमची वहिनी
मालन

।। श्री ।।

हैदराबाद
२२ जुलै २००१

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

मी हसलो होतो. बारा वर्षं उशिरा क्षमा मागतो. तेव्हा दादा हसला म्हणून हसलो, हे कारण आहे, सबब नाही.

त्याला नेट सेंटरात नेणं मी बंद केलं. तो एकटा जाऊ लागला. रेणूकडून टाइप करून घेऊन आता तो ‘एक निवृत्त’ या नावानं मतंही देतो. तिसऱ्या प्रकरणाखाली त्यानं लिहिलंय की बायकोचं लिखाण चारचौघांत वाचून हसणाऱ्या त्या इसमाला भर बैठकीत उठाबशा काढायला लावाव्यात, आणि बाईनं सरळ गाडी पकडून निघून जावं. अमेरिकेतल्या एका इंजिनिअरनं त्याला अनुमोदन दिलं. मी शेजारी गंभीर चेहऱ्यानं बसून होतो. संस्कृत शिकताना कमावलेल्या त्या चेहऱ्याचा इतका उपयोग आजवर झाला नव्हता.

चौथं प्रकरण धाडा. वाचक अधीर आहेत. त्यातला एक तर रोज जेवायला येतो.

लोभाची उधळपट्टी अशीच चालू राहो.

आपला
हिम्मतराव

।। श्री ।।

हैदराबाद
३ ऑगस्ट २००१

ती. सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

अनर्थ झाला. चौथ्या प्रकरणाचा शेवट आणि मला लिहिलेल्या सूचना तुम्ही एकाच पानावर, एकाखाली एक लिहिल्यात. आमची रेणू इंग्रजी शाळेतली; मराठी अक्षर लावून लावून वाचते. तिनं सगळं सलग टाइप केलं. कथा कुठं संपते अन् घर कुठं सुरू होतं ते तिला म्हणे मालूमच नै पडलं.

त्यामुळे तुमची नायिका गाडीत बसते, गाडी सुटते, आणि पुढच्याच ओळीत ती सांगते की ह्यांच्या डाव्या गुडघ्याला एरंडेल लावा, आणि बेसनाच्या लाडवांचा दुसरा डबा गौलीगुड्याच्या घरी कपाटात शालीमागे लपवलाय, त्यातले दोन-दोनच काढून द्या. साइटवर या शेवटाची फार तारीफ झाली. निरोप घेतानाही बाईचं मन संसारात कसं अडकलंय, हे दाखवणारा धाडसी प्रयोग, असं त्या इंजिनिअरनं लिहिलंय.

दादानं ते दोनदा वाचलं. मग आपल्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि घरी गेला. जेवायला आला तेव्हा त्याच्या हातात डबा होता. तो आमच्या ताटांपुढे ठेवला, स्वतः एकही लाडू घेतला नाही. आमटी अळणी होती, तशीच जेवला.

त्यानं तुम्हाला पत्र लिहिलंय. मी शुद्धलेखन तपासू का विचारलं, तर हात लावू दिला नाही. रागवायचं तर माझ्यावर रागवा, पण लिहिणं थांबवू नका.

अपराधी
हिम्मतराव

गौलीगुडा, हैदराबाद
३ ऑगस्ट २००१

सौ. मालनला नामदेवरावाचा आशीर्वाद. नातवाला पापा.

मी आयुष्यभर अर्ज आणि खुलासे लिहिले. हाही तसाच वाटला तर तसाच वाच.

ती पाहुण्यांची गोष्ट मला आठवत नव्हती. तिसऱ्या प्रकरणात वाचली तेव्हाही आठवली नाही. दुसऱ्याच कुणाची समजून मी त्या माणसाला शिव्या दिल्या. आज आठवली. तुझ्या हातातला ट्रेसुद्धा.

दिलेली मतं पुसता येतात का, असं रेणूला विचारलं. तिनं हौ म्हटलं. मग मीच नक्को म्हणालो. लिहिलंय ते बरोबर आहे.

बाई गाडीत बसली आहे. आता माझ्या गुडघ्यासाठी तिला पुढच्या स्टेशनावर उतरवू नकोस. वाचणारे चिडतील, मीही चिडेन. पाचवं प्रकरण हिम्मतकडे न पाठवता माझ्याकडे पाठव. मी रेणूजवळ बसून ओळ न् ओळ वाचून देईन, म्हणजे घोटाळा होणार नाही. मध्ये हसणार नाही.

आज संध्याकाळी पुन्हा मत दिलं, या वेळी स्वतःच्या नावानं. लिहिलं की या बाईनं लिहीत राहावं. त्या इंजिनिअरनं लगेच विचारलं, आपण यांना ओळखता का, आपण कोण.

रेणूकडून दोनच शब्द टाइप करून घेतले. तो नवरा.

नामदेवराव