वगळलेला दिवस

शनिवार, १२ मार्च १९९४, जळगाव

देवापुढे बसले, पण जप होईना. माझी लेक सुनंदा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जळगाव-धुळ्याच्या टेलिफोनची वर्दळ हुबेहूब उभी करते आहे. त्यासाठी तिने आमच्या एसटीडी बूथवरची, रोजचे फोन लिहायची माझी वही नेली होती. आज पाहते तर एका पानावर तांबडी काट. सासरे, आमचे आबा, गेले तो दिवस. दहावीचा निकालही त्याच दिवशी होता.

सुनंदा म्हणाली, "सर म्हणाले, एवढ्या फोनांचा असा दिवस नसतोच. वगळ."

नसतोच?  त्या दिवशी धुळ्यापुढे साक्रीला नणंदेकडे, अक्कांकडे फोन लागता लागेना. अक्कांना बापाचं तोंड दिसलं नाही. अजून चारचौघांत म्हणतात, "हिला गिऱ्हाइकं सोडवली नाहीत."

मी सुनंदाला म्हटलं, "माणसं काय सरांना विचारून मरतात? घाल ते पान परत."

तिने घातलं. संध्याकाळी कॉलेजातून आली. म्हणाली, "आई, निकालाच्या फोनांनी लाइनी पार भरून गेल्या. तो दिवस दहादा चालवला. दर वेळी साक्रीचाच फोन लागत नाही."

 इतके महिने मलाही वाटत होतं, गिऱ्हाइकांच्या गडबडीत मीच नंबर नीट फिरवला नाही.