साडू मागे, मी पुढे

१ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर चढ. वारा समोरून, साडू मागून. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

गुडघा सुजला. उजवा. पेडल मारताना आत कट्-कट् होतंय – लिफ्टचं दार रुळातून सुटलं की येतो तसला आवाज. लिफ्ट दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, दुसऱ्या उपमा सुचत नाहीत.

साडूला म्हटलं, उद्या थांबू. वाटलं होतं, तोंड वाकडं करील. तर म्हणाला, "थांबू की! पुढे तळं लागतंय म्हणे."

आमचं नातं गमतीचंच. त्याची बायको, आमच्या ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघी बहिणींनी आपापला माणूस निवडला, आम्हाला एकमेकांबद्दल कोणी विचारलं नव्हतं. लग्नकार्यात शेजारी बसायचं, "काय, कसं काय?" म्हणायचं, की वर्षभराची बेगमी झाली. तो लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर होता. परवा-परवापर्यंत पक्की नोकरी, मग एकदम सोडून घरी. का, तर "कंटाळा आला." आता लेकीकडे निघालाय, पार समुद्राकाठी – आणि सायकलने! एकट्याला सोडायला कोणी तयार नाही. माझी बायको म्हणाली, "तू जा ना सोबत. नाहीतरी रिटायर झाल्यापासून घरात नुसता पायात पायात येतोस."

आलो.

पण एक खटकतं. मी पुढे, सगळा वारा माझ्या अंगावर. हा माझ्या मागच्या चाकाला चिकटलेला. एकदासुद्धा पुढे आलेला नाही. आज शेवटी बोललोच, "भाऊ, जरा तुम्ही घ्या की पुढे." म्हणाला, "रस्ता तुम्हाला चांगला कळतो, लिफ्टवाले."

जन्मभर बस हाकलेला माणूस हे म्हणतोय! आयतं ओढून नेणारं कोणीतरी हवंय, दुसरं काय.

३ सप्टेंबर, रविवार. सकाळ

मुक्काम तळ्याकाठी. वरच्या मजल्यावर खोली, दोन खाटा, एक खुर्ची. खुर्चीचा एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी घातलेली. खिडकीतून फक्त पाणी दिसतं, करडं. हलत नाही म्हटलं तरी चालेल.

मालकीणबाई साठीच्या पुढच्या असाव्यात. मोठ्या आवाजात बोलतात, पायऱ्या दोन-दोन चढतात. जेवणाआधी रोज पोहतात म्हणे, थंडी असो नाहीतर ऊन. मला म्हणाल्या, "गुडघ्याला बर्फ देते, पण कुरकुर करायची नाही." साडूला म्हणाल्या, "तुम्ही तरुण दिसता यांच्यापेक्षा." तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. खूश झाला.

बर्फ लावून बसलोय. काही न करण्यात दिवस घालवायचाय. जमेल.

त्याच दिवशी, चार वाजता

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

बाई म्हणाल्या, होडी बांधून ठेवलीय, न्या हवी तर. साडू लगेच तयार. वल्ही त्याच्याकडे, मी समोर बसून पाय लांब केलेला. तो छान वल्हवतो. एका लयीत, पाणी न उडवता. ऊन कोवळं होतं. आम्ही बोलत नव्हतो, आणि त्याचं ओझं वाटत नव्हतं – हे पहिल्यांदाच.

तेवढ्यात बाई पोहत आल्या. पांढरी टोपी, अगदी जवळ, त्याच्या डाव्या हाताला. माझं लक्ष वल्ह्याच्या खुंटीकडे होतं, ती सैल झाली होती. मान वर केली तेव्हा त्या वल्ह्याच्या टप्प्यात आल्या होत्या. ओरडलो, "भाऊ, डावीकडे!" त्याने मान वळवली. बाईंच्या दिशेने पाहिलं. आणि वल्हं मारलं.

खांद्यावर लागलं. बाई पाण्याखाली गेल्या, वर आल्या, होडीची कड धरली. टोपी निघून गेली होती, केस तोंडावर. मी त्यांचं मनगट धरलं. त्या खोकत होत्या. खोकला थांबल्यावर साडूवर डाफरल्या, "दिसत नाही का हो तुम्हाला?"

तो म्हणाला, "नाही."

रागाने नाही, उर्मटपणे नाही. कोणी वेळ विचारावी आणि घड्याळ नाही म्हणून सांगावं, तसं.

बाईंनी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. मीपण.

बाईंना होडीत ओढून घेतलं आणि काठापर्यंत मी वल्हवत आणलं. वेडंवाकडं, निम्मं पाणी होडीत. बाईंचं हाड शाबूत आहे, मोठा काळानिळा डाग मात्र उठलाय. "मी ठीक आहे, त्यांच्याकडे बघा," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग ओल्या पँटनिशी आम्ही दोघं धक्क्यावर बसलो. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. काचबिंदू. समोरचं दिसतं, पण कडा गेल्यात – नळकांड्यातून बघावं तसं. नळकांडं बारीक बारीक होत चाललंय. नोकरी सोडली नव्हती. डोळ्यांच्या तपासणीत नापास केलं, लायसन काढून घेतलं.

"त्याआधी किती दिवस तशीच बस चालवलीत?"

"ते विचारू नका, लिफ्टवाले."

नाही विचारलं.

"ताईंना माहीत आहे?"

"नाही. लेकीलाही नाही."

लेकीला मुलगी झालीय. त्याची पहिली नात. फोटो नको, फोनवर नको, समोरून बघायचीय. "नळकांड्यात मावेल एवढंच तोंड असेल अजून," म्हणाला आणि स्वतःच हसला.

"अहो, मग बसने जायचं!"

"मागच्या सीटवर बसून? दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत? सायकलला लायसन लागत नाही. एवढी एकच गाडी राहिलीय."

आणि इतके दिवस रस्ता कसा दिसत होता?

"रस्ता कुठे बघतोय मी? तुमची पाठ बघतो. तुम्ही वळलात की मी वळतो. तुम्ही खड्डा चुकवलात की मीपण."

म्हणजे ट्रकांच्या त्या रस्त्यावर, त्या उतारांवर, मी शिट्टी वाजवत, इकडेतिकडे बघत चाललो होतो – आणि मागे हा! एखाद्या वळणावर मला डुलकी लागली असती तर? कोणी मला सांगितलं का? विचारलं का?

राग यायला हवा होता. आला नाही. बिघडलेली लिफ्ट असली की मी आधी वीज बंद करतो, मग विचार करतो. तसंच केलं. म्हटलं, "भाऊ, उद्या सायकलवर बसलात तर मी ताईंना फोन करणार. सगळं सांगणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. नीट, समोरून.

"बरं," म्हणाला.

संध्याकाळ

बाईंनी टोमॅटोचं सूप आणि पाव दिला. खांद्याला फडकं बांधलंय, वाढताना डावा हात वापरत नाहीत. साडू माफी मागायला उठला तर म्हणाल्या, "बसा. माझीच चूक, टोपी लाल घ्यायला हवी होती." तो हसला. मी नाही हसलो.

उद्या दुपारी इथून बस आहे, सायकली टपावर टाकतात. मी त्याला सांगितलं. तो नुसता चमच्याने सूप ढवळत राहिला. बरोबर वागलोय मी. दुसरं कोणी माझ्या जागी असतं तरी त्याने हेच केलं असतं. मग पाव अर्धाच का ठेवला, कळत नाही.

झोपतो. गुडघा बरा आहे.

४ सप्टेंबर, सोमवार

जाग आली तेव्हा शेजारची खाट रिकामी. बॅग नाही.

धावत खाली. सायकल भिंतीला तशीच उभी! बाई म्हणाल्या, "ते उजाडल्यावर निघाले. चालत. म्हणाले, सायकलवर बसलो नाही, आता यांना फोन करायचं कारण नाही."

त्याच्या सायकलशेजारी माझी लावली, दोन्हींना मिळून कुलूप घातलं. किल्ली बाईंकडे दिली. त्यांनी पाव बांधून दिलाय, दोघांपुरता.

रस्ता एकच आहे, तळ्याच्या कडेकडेने. निघतो.