शेवटच्या गाडीची दहा मिनिटं

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुझी भाची निवडणुकीला उभी राहिली आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

आपल्या नगरपालिकेने पंधरा ते वीस वयाच्या मुलांची युवा परिषद काढली आहे. आमच्या भागातून एकच जागा आहे. माझी मागणीही एकच. तंत्रशाळेचे संध्याकाळचे वर्ग सातला सुटतात आणि तिथून शेवटची गाडीही सातलाच सुटते. वर्गातून थांब्यापर्यंत धावत गेलं तरी आठ मिनिटं लागतात. आम्ही कुणी गॅरेजमध्ये, कुणी शिवणाच्या कारखान्यात, मी बाबांच्या दुकानात खुर्च्यांना कापड ठोकत दिवसभर राबून तिथे येतो. गाडी चुकली की गोदामांच्या रस्त्याने तासभर पायपीट. यंदा चार मुलींना घरच्यांनी वर्ग सोडायला लावले. त्यातली एक माझ्याच बाकावर बसायची. गाडी सात-दहाला सोडा, एवढंच माझं म्हणणं.

अर्जाला दहा सह्या लागत होत्या. शेवटच्या, म्हणजे चौथ्या वर्षाच्या मुलांना कळलं की थांबणाऱ्या कंडक्टरबाईंची मी भाची, तर तेवीस जण पेन काढून उभे! तुझी तीन वर्षांपूर्वी बदली होईपर्यंत त्यांची गाडी कधी चुकली नाही म्हणे. नऊ वर्षं गाडी थांबवत होतीस आणि घरात चकार शब्द काढला नाहीस. माझी अर्धी निवडणूक तूच लढून ठेवलीस, आत्या. फार फार आभार.

माझ्याविरुद्ध औषधवाल्यांचा मुलगा आहे. इस्त्री मोडेल म्हणून तो खाली बसत नाही. पण अभ्यास करून बोलतो, म्हणून धाकधूक आहे.

माया आहे तशीच ठेव, जमलं तर थोडी वाढव.

तुझी,
भोंगा

ता. १० फेब्रुवारी

चि. भोंगा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र डेपोतल्या बाकावर वाचलं आणि अशी हसले की दोन ड्रायव्हर चहा टाकून बघायला आले. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या रडण्याने खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून वर आली होती. तेव्हाच मी हे नाव ठेवलं. आता त्याचं चीज होतंय.

हो, थांबायचे. ड्रायव्हरभाऊ भला माणूस, पुढच्या सरळ रस्त्यावर सहा-सात मिनिटं भरून काढायचा. पोरं धापा टाकत चढायची, त्यांच्या हातांना ग्रीसचा वास यायचा, आणि खिडकीशी बसल्या बसल्या झोपायची. त्यात उपकार कसले? रिकामी गाडी पळवून मला कुठे बक्षीस मिळणार होतं? पण बाई, माझं नाव फार मिरवू नकोस. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तोवर साहेबलोकांच्या नजरेत न आलेलंच बरं.

भाषण करताना पहिल्या रांगेकडे बघू नकोस. अगदी मागच्या सीटवरच्या माणसाला तिकीट विचारतो ना, तसं बोल. आणि त्या औषधवाल्यांच्या पोराच्या इस्त्रीची टिंगल पुरे कर. त्याच्यासारखी टापटीप तुझ्यात असती तर मी तुला आणखी एक नाव ठेवलं नसतं. ते कुठलं, हे आईला विचार.

खाऊन-पिऊन राहा, आणि निकालाचं पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी,
आत्या

ता. ३ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

निकाल लागला. मी एकोणीस मतांनी हरले.

शेवटच्या सभेत ऐन वेळी घसा बसला, म्हणून बोलता आलं नाही. नशीब, दुसरं काय! तरी एकशे बारा जणांनी मला मत दिलं. जमेल तेवढ्यांना दारात गाठून आभार मानले. एकीच्या आजीने मलाच धीर दिला आणि जाताना चपला सरळ करून दिल्या, तेव्हा मात्र रडू आलं.

मी बरी आहे. तू काळजी करू नकोस आणि कुणाला काही विचारूही नकोस. बाबांना तर नकोच.

जीव लाव, एवढंच.

तुझी,
भोंगा

ता. ४ मार्च

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

पोरीने घसा बसल्याचं कळवलं असेल. घसा ठणठणीत आहे. खिळ्यांचा डबा जागेवर नव्हता म्हणून आत्ताच माझ्यावर ओरडून गेली.

खरं असं झालं. शेवटच्या सभेत औषधवाल्यांच्या मुलाने डेपोतून आणलेल्या जुन्या नोंदवहीच्या नकला सगळ्यांपुढे ठेवल्या. नऊ वर्षांची पानं, तुझ्या अक्षरात, सुटण्याची वेळ रोज सात वाजता. एकदाही सात-एक नाही. त्याने विचारलं की सातच्या गाडीत इतकी वर्षं पोरं बसत होती, मग आताचीच का रेंगाळतात? त्याला दोष देत नाही मी. त्याने कागद वाचला.

आपली भोंगा उठून उभी राहिली. एक वाक्य बोलायचं होतं, की आत्या गाडी थांबवायची. शेवटच्या वर्षाची मुलं तर बोलायला निघालीच होती, पण हिने मान हलवून त्यांना गप्प केलं आणि खाली बसली. मी मागच्या भिंतीशी उभा होतो. घरी आल्यावर म्हणाली, आत्याचे चौदा महिने राहिलेत.

तुला सांगायचं नाही असं तिने बजावलं आहे. पण तुझ्यापासून काही लपवणं मला लहानपणीही जमलं नाही.

तब्येतीला जप, आणि या धाकट्यावर रागावू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. १९ मार्च

चि. भोंगा हिस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

तुझ्या बाबांवर चिडू नकोस. त्याने कळवलं नसतं तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं.

सात-दहा लिहिलं तर मेमो येईल, म्हणून मी सात लिहायचे. वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय? बिघडलं ते हे, की ती दहा मिनिटं कागदावर कुणाला कधी लागलीच नाहीत. मी खरी वेळ लिहिली असती तर चार मेमो खाल्ले असते, आरडाओरडा झाला असता, आणि गाडीची वेळ केव्हाच बदलली असती. मी होते तोवर पोरांचं भागलं. मी गेले आणि चार मुली घरी बसल्या. माझ्या चांगुलपणाला हे आधी सुचलं नाही.

मागच्या बुधवारी वाहतूक अधिकाऱ्यांना सगळं लिहून दिलं. एक नक्कल औषधवाल्यांच्या मुलाला पाठवली, कारण आता परिषदेत तो आहे. साहेबांनी दोनदा विचारलं की बाई, नीट विचार केलात का? मी सांगितलं की विचारच करत बसले असते तर हेही राहून गेलं असतं.

निवृत्तीचं काही अडलं नाही. पण मला गाडीवरून उतरवलं. शेवटपर्यंत आता तिकीटखिडकीत बसायचं. पहिल्या दिवशी गाडी सुटायचा आवाज आला की पाय आपोआप उठायचे. वाईट वाटलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आणि तू गं! एवढा मोठा आवाज देवाने दिलेला, आणि माझ्यासाठी तो गिळून बसलीस. बाबांचं पत्र वाचून मी दार लावून रडले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी आपल्या हातचं असं सोडलं नव्हतं. तुझी फार ऋणी आहे, पोरी. पुन्हा असं केलंस तर मात्र पुढच्या गाडीने येऊन कान धरीन.

भरभरून माया.

तुझी,
आत्या

ता. १२ एप्रिल

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी औषधवाल्यांचा मुलगा आमच्या दुकानात आला. कान लाल. पहिल्यांदाच खाली बसला, तेही भुसा भरलेल्या गोणीवर. तुझा कागद त्याने तीनदा वाचला होता. म्हणाला की आपण नकला तपासल्या पण शेवटच्या वर्षाच्या एकाही मुलाला विचारलं नाही. परिषदेपुढे गाडीचा ठराव तो मांडणार होता, पण बोलायला त्याला मी हवी होते. मी गेले. अशी बोलले की शेजारच्या खोलीतल्या कारकुनाने येऊन आमचं दार लावून घेतलं. ठराव एकमताने मंजूर! मी त्याचे आभार मानले, त्याने माझे मानले, आणि दोघंही अवघडून उभे राहिलो.

सोमवारपासून गाडी सात-दहाला सुटते. तीन मुली परत आल्या. चौथीच्या घरी उद्या आईला घेऊन जाणार आहे.

तुला गाडीवरून उतरवलं हे मी वर्गात सांगितलं. मग एकाने तुझ्या डेपोला कुठली गाडी जाते ते विचारलं. तर आत्या, येत्या रविवारी आम्ही सत्तावीस जण येतोय. तो औषधवाल्यांचा मुलगाही. परतीची तिकिटं सगळ्यांना तुझ्याच खिडकीतून, तुझ्याच हातची हवी आहेत. रांग लांब होईल. पण तू घाई करू नकोस. सावकाश दे, आम्ही थांबू.

तुझीच,
भोंगा