वाळूच्या कुंडीतल्या लाल कॅप्सूल

गुरुवार, २२ ऑगस्ट

काल लिहिलं ते चुकीचं आहे. आधी ते दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की कंचनफोईंनी, माझ्या आत्यांनी, अंधार पडल्यावर जेवायला मागितलं आणि मम्मीने नकळत ताट वाढलं. नकळत नव्हे. मम्मीने घड्याळाकडे पाहिलं – आठ वाजून दहा मिनिटं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग ताट काढलं. भाखरी तिने वाढली. डाळ मी वाढली. हे तर मी लिहिलंच नव्हतं.

आम्ही जैन, आणि फोई तर पन्नास वर्षं सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब घेत नाहीत. काल त्या विसरल्या की सहा वाजताच जेवण झालंय. रात्र झालीय हेही विसरल्या. सावकाश चावून जेवल्या. मम्मी समोर बसून बघत होती.

आज सकाळी उपाश्रयात साधूंचं प्रवचन ऐकून तीन बायका घरी आल्या. त्यांच्यादेखत मम्मी म्हणाली, "कंचनबेन, रात्रीची भाखरी पचली ना?" फोई हसल्या. मग त्यांना आठवलं. मोरीशी जाऊन त्या घशात बोटं घालत होत्या. बायकांपैकी एक तोंडाला पदर लावून हसली. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि पाहुण्यांसमोर लाज वाटत होती. फोईंची लाज – मम्मीची नव्हे!

शनिवार, २४ ऑगस्ट

मम्मीने फोईंची काठी माळ्यावर टाकली. म्हणाली, काठी दिली की नाटक वाढतं. फोई भिंतीला हात लावून चालतात. पायात चप्पल आहे की नाही ते त्यांना कळत नाही. खाली वाकून बघावं लागतं. आज एकच चप्पल घालून दर्शनाला देरासरापर्यंत गेल्या. गल्लीतली मुलं मागून लंगडत गेली.

पप्पांची ही थोरली बहीण. तिशीच्या आत विधवा होऊन पाटणला परत आली. मी सात वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही, मला दम्याचा त्रास होता. फोईंनीच स्वयंपाकघरात पाटीवर अक्षरं शिकवली, पाढे शिकवले, सूत्रं पाठ करून घेतली. रोज संध्याकाळी विचारायच्या – आज काय चुकलं? "चुकलं" एवढंच म्हटलेलं चालायचं नाही. काय चुकलं ते नाव घेऊन सांगायचं. ही वही मी त्या सवयीनेच लिहिते.

आता त्याच सूत्रात तिसऱ्या ओळीला थांबतात. मम्मी त्यांना मुद्दाम म्हणायला लावते.

मंगळवार, २७ ऑगस्ट

समाजाच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्यात, निरालीबेन. मम्मीला फोईंना वेड लागलंय असा कागद हवा होता, म्हणून आम्ही तिघी गेलो.

त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी आपटून फोईंच्या पायाच्या अंगठ्यावर धरलं. थरथर कळते का? नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्यावर – थोडी. जीभ बघितली. लाल, गुळगुळीत. मग विचारलं, साखरेची गोळी किती वर्षं? अकरा वर्षं, दिवसातून दोनदा मेटफॉर्मिन. पित्ताची गोळी? सहा वर्षं, रोज. दूध-दही? मम्मी म्हणाली, आठ वर्षांपूर्वी व्रत घेऊन सोडलं.

डॉक्टर म्हणाल्या, ही गोळी साखर सांभाळते, पण शरीरातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व हळूहळू खाली आणते. पित्ताच्या गोळीने ते आणखी उतरतं. बाकीच्यांना दुधातून तरी थोडं मिळतं, यांचं तेही बंद. ते संपलं की नसा मरायला लागतात. आधी पाय, मग आठवण. मग जुनी फाईल चाळली आणि थांबल्या. "हे काय, आधीच्या शहा डॉक्टरांनी अडीच वर्षांपूर्वीच कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. रोज एक. घेत नाहीत?"

मम्मी म्हणाली, "न घेऊन सांगतात कुणाला? गोळ्या आमची चार्मी देते. एक दिवस चुकवलेला नाही पोरीने."

मी खाली बघितलं. फोईंचं रक्त तपासणीसाठी काढून घेतलं.

बुधवार, २८ ऑगस्ट

अहवाल आला. आकडासुद्धा नाही – यंत्राला मोजता येईल त्याहून कमी, एवढंच छापलंय.

लिहितेच. शहा डॉक्टरांनी दिलेल्या त्या लाल कॅप्सूल. मी डबीवरचं बारीक अक्षर वाचलं होतं. वरचं आवरण जिलेटिनचं. जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं उकळून काढलेलं. ज्या फोईंनी बटाटा कधी तोंडात घातला नाही, त्यांनी माझ्या हातून एकोणीस दिवस हाडं खाल्ली होती! त्यांना सांगितलं असतं तर प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकोणीस उपवास केले असते. साखर असताना. म्हणून सांगितलं नाही. कॅप्सूल देणं बंद केलं. दर महिन्याला दवाखान्यातून नवी डबी आणायची, म्हणजे कुणी विचारणार नाही. हाडाची वस्तू कचऱ्यात टाकणंही बरं वाटेना. गच्चीवर वाळूची रिकामी कुंडी आहे, तिच्यात पुरत गेले. नवकार मंत्र म्हणत.

दुसऱ्या आवरणाची गोळी मिळते का, हे मी कधीच कुणाला विचारलं नाही. आज निरालीबेनना सहज म्हणून विचारलं. म्हणाल्या, "साधी गोळी मिळते की. वनस्पतीची कॅप्सूलही मिळते. समोरच्या दुकानात."

समोरच्या दुकानात. अडीच वर्षं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

आज फोईंनी मला 'बेन' म्हटलं आणि कुणाकडे आलात विचारलं.

सोमवार, २ सप्टेंबर

निरालीबेननी इंजेक्शनं लिहून दिलीत. आधी दिवसाआड, मग आठवड्याला. म्हणाल्या, आठवण बरीच परत येईल. पायांचं सांगत नाही, उशीर झालाय. आणि आता प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

मम्मीने चिठ्ठी घडी करून डाळीच्या डब्याखाली सारली. ठरलंय वेगळंच. महेसाण्याच्या पुढे एक आश्रम आहे, कुलूप लावून ठेवतात. बुधवारी, अकरा तारखेला, फोईंना न्यायला गाडी येणार. चौदाला मला बघायला पालनपूरची माणसं येतायत. मम्मी म्हणाली, घरात वेडी बाई दिसली तर ते विचारणारच, रक्तात आहे का. मी म्हटलं, पण हे वेड नाही, डॉक्टर म्हणाल्या ना, बरं होईल. मम्मी कणीक मळत होती. "सुया टोचून बरी करायची आणि आणखी पंधरा वर्षं सांभाळायची कुणी? तू तर जाशील."

पप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. एवढंच.

मी बोलले असते तर? अडीच वर्षं गोळ्या कुणी पुरल्या ते पालनपूरला चार दिवसांत कळलं असतं. मी गप्प बसले ते फोईंसाठी नव्हे, हे इथे लिहून ठेवते.

शनिवार, ७ सप्टेंबर. संवत्सरी

प्रतिक्रमण झालं. वर्षभराची क्षमा मागायचा दिवस. मम्मीने सगळ्यांसमोर फोईंच्या पायांना हात लावला, "मिच्छामि दुक्कडम्, कंचनबेन," आणि उठून पुढच्या बाईकडे गेली. पप्पांनीही तेच केलं. बुधवारच्या गाडीचं फोईंना कुणीच सांगितलेलं नाही.

मी शेवटी गेले. हात जोडून शब्द म्हटले. फोईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी कोण ते त्यांना आठवलं नसावं. पण म्हणाल्या –

"कशाबद्दल?"

मी तेच शब्द पुन्हा म्हटले.

"नुसतं म्हणून चालत नाही, पोरी. नाव घेऊन सांगायचं."

मागून कुणीतरी हसलं. म्हणालं, बघा, मास्तरीण अजून जागी आहे.

रविवार, ८ सप्टेंबर

मम्मीला सगळं सांगितलं. कुंडी, कॅप्सूल, अडीच वर्षं. ती भांडी पुसत होती. हात थांबला नाही.

"मला ठाऊक आहे," म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यात पापड वाळत घालताना कुंडी कलंडली. सगळा लाल लगदा. मला वाटलं, चला, पोरीने बरं केलं. आता तोंड बंद ठेव. बुधवारपर्यंतच."

चिठ्ठी डाळीच्या डब्याखालून काढून या वहीत ठेवलीय. काठी माळ्यावरून उतरवलीय. दवाखाना साडेनऊला उघडतो. फोईंना घेऊन जाईन, निरालीबेनसमोर नाव घेऊन सांगेन, आणि पहिलं इंजेक्शन घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.

उद्या. सोमवार, ९ सप्टेंबर.