आत्याबाईंच्या रोजच्या एकशे आठ पडण्यांबाबत

प्रति,
मा. प्रमुख, वृद्ध कल्याण कक्ष,
सोलमे प्रभाग कार्यालय.

विषय : श्रीमती बांग गुम-रे (वय ७९) यांना बुधवारी वृद्धाश्रमात हलवण्याचा आदेश मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ५ नोव्हेंबरचे पत्र, 'अतिधोक्यातील व्यक्ती'.

महोदय,

मी श्रीमती बांग यांचा भाचा. त्यांच्याच घराच्या गच्चीवरील स्वतंत्र खोलीत राहतो. आत्याबाई पडत नाहीत, एवढेच मला सांगायचे आहे. पण एका ओळीच्या अर्जाची दखल घेतली जात नाही, असे आपल्या खिडकीवर कळल्यामुळे सविस्तर लिहीत आहे.

१. जुलैत आपल्या कार्यालयाने एकट्या राहणाऱ्या वृद्धांना इलेक्ट्रॉनिक कातडी बसवली. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, मनगटावर एक, गुडघ्यावर एक. अंगाबरोबर ताणली जाते, दुमडते, आणि नाडी, घाम व पडझड यांची खबर आपल्या पडद्यावर देते. वस्तू उत्तम आहे. आत्याबाई तिला आंघोळीत जपतात.

२. मी विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला तिसऱ्यांदा बसत आहे. त्यासाठी आत्याबाईंनी ५ ऑगस्टपासून शंभर दिवसांचे व्रत धरले : रोज सकाळी दहाला, गुडघे, कोपर आणि कपाळ टेकून, एकशे आठ नमस्कार. हे आपणांस समजावून सांगायला नको. आपल्या कार्यालयातील निम्म्या लोकांच्या आयांनी ते घातलेले असणार. मात्र कातडीला आई नसल्याने तिने रोज एकशे आठ वेळा पडल्याची नोंद केली. आपल्या कर्मचारी म्यंगबाईंचा फोन आला.

"आजी, पडलात का?"

"नाही गं, नमस्कार घालतेय. सत्तेचाळीस झाले होते, तुझ्या फोनात आकडा विसरले. आता पुन्हा पहिल्यापासून."

"आजी, पडद्यावर नमस्कार हा पर्यायच नाही. चालणे, झोपणे, पडणे, एवढंच आहे."

"मग चालणे लिही."

"चालताना गुडघे जमिनीला लागत नाहीत, आजी."

त्या दिवशीची नोंद एकशे पंचावन्न झाली. आपल्या पत्रात 'प्रकृती झपाट्याने खालावत आहे' असे जे म्हटले आहे, ते याच दिवसाबद्दल.

३. म्यंगबाईंच्या सल्ल्याने आत्याबाईंनी नमस्कारांपुरती कातडी काढून ठेवली. नाडी थांबली. नऊ मिनिटांत रुग्णवाहिका दारात. दार मृत व्यक्तीनेच उघडले. "गेलेलं माणूस कुठाय?" असे विचारता त्या म्हणाल्या, "मीच ती. बसा, चहा टाकते." तिघांनी युजाचा, म्हणजे ईडलिंबाच्या मुरंब्याचा, चहा घेतला, आणि नियम म्हणून मृत्यूची नोंदही केली. असे चार वेळा झाले. चौथ्या वेळी ते स्वतःहून चपला काढून आत आले.

४. यापुढील चूक माझी आहे. नमस्कार होईपर्यंत कातडी मी माझ्या अंगावर चिकटवली आणि परत द्यायला दोन दिवस विसरलो. पत्रातील 'नाडी १४०, तळहातांना घाम, त्यानंतर अकस्मात गाढ झोप' हे माझे गणित आहे. 'घामात मिठाचे चिंताजनक प्रमाण' ही माझी चार पाकिटे राम्यन नूडल्स. हृदयविकाराचा जो संशय आपण घेतला आहे, तो एका निरोगी पण अभ्यासात कच्च्या तरुणाबद्दल आहे.

५. बुधवार दि. १२ हा शंभरावा दिवस. परीक्षा गुरुवारी. आपली गाडी बुधवारी नऊला येणार. मी म्हणालो, आत्या, त्या दिवशी आठलाच उरकून घ्या. "उरकायला ती काय भांडी आहेत?" त्या म्हणाल्या. "गाडीत जागा असेल तर गाडीत घालीन."

६. आमच्या गल्लीतून त्या आश्रमात तीन जणी गेल्या. परत आलेली अजून कुणी पाहिलेली नाही. आत्याबाईंनी या घरात एकेचाळीस वर्षे काढली आहेत. पत्र आल्यापासून मी रोज विचारतो, त्या "काही नाही रे" म्हणतात आणि बटाटे सोलत राहतात. पण ५ तारखेपासूनची त्यांची नाडी आपल्याकडे आहे. त्या नुसत्या बसलेल्या असतानाची. ती मात्र खरोखर त्यांचीच आहे. कृपया एकदा पाहावी. आजवर कातडीने आपल्याला दिलेली ती एकमेव खरी बातमी आहे, आणि ती आपल्या पत्रामुळे घडली आहे.

तरी आपण उद्या, मंगळवारी, सकाळी दहाला स्वतः येऊन एकशे आठ मोजावेत, आणि तोवर आदेश थांबवावा, ही विनंती.

एक गोष्ट कळवणे भाग आहे. आज नमस्कार सुरू करण्याआधी आत्याबाई म्हणाल्या, "उरलेले तीन दिवस त्या साहेबांच्या नावाने. त्यांना सुबुद्धी मिळायला हवी, तुझं काय, तू पुढच्या वर्षीही बसशील." त्याप्रमाणे आजचे एकशे आठ आपल्या नावावर पडले आहेत, पडद्यावर दिसत असतील. माझ्या वाट्याला सत्त्याण्णवच दिवस आले. आपण उद्याच निर्णय दिलात, तर निदान शेवटचा दिवस मला परत मिळेल. सोबतची गुणपत्रके पाहता तो मला लागेल.

उत्तराची वाट पाहत जिन्यात बसलेला,
बांग उ-जिन
दि. १० नोव्हेंबर

सोबत : १) मागील दोन वर्षांची गुणपत्रके. २) आत्याबाईंचे चार मृत्युदाखले, त्यांच्याच सहीने साक्षांकित.