काळे की तपकिरी

३ जून
शेवटी साहेबांना माझी किंमत कळली! संरक्षण खात्यात निर्णय का होत नाहीत, ते शोधून सुधारणा करायचं काम माझ्याकडे. रोग मी चहा थंड व्हायच्या आत शोधला. फाइल आली की जो तो कोपऱ्यात 'पाहिले' लिहून सही ठोकतो. मंजूर नाही, नामंजूर नाही. नुसतं पाहिले! उद्यापासून हा शब्द बंद. प्रत्येक निर्णयाखाली एकाच माणसाचं नाव. चुकलं तर तोच जबाबदार.
बायको म्हणाली, आधी हॉलच्या पडद्यांचा रंग ठरवा. तो विषय विचाराधीन आहे.

९ जून
'पाहिले' बंद झालं. हिशेब शाखेने आज 'दिसले' लिहिलं. कायदा शाखेने 'नजरेखालून गेले'. नालायक लेकाचे.

१६ जून
सुरुवात बुटांच्या फाइलने. बर्फातल्या चौकीवरच्या जवानांसाठी. नमुने दोन, काळे आणि तपकिरी. दोन्ही चाचणीत पास. थंडीआधी ऑर्डर गेलीच पाहिजे. मेहुणा त्याच चौकीवर आहे. जुन्या बुटांत पाणी शिरतं म्हणाला. मी म्हटलं, दाजी बसलाय ना इथे, निर्धास्त राहा.

२३ जून
बैठक. योजना सगळ्यांना तत्त्वतः पसंत. बुटांखाली नाव कुणाचं, म्हटल्यावर सगळे बिस्किटांकडे बघायला लागले. तेवढ्यात गोड्या उठला. शेजारच्या टेबलावरचा माझा जिवलग, नोकरीला एकाच दिवशी लागलो आम्ही. म्हणाला, तूर्तास याचंच नाव घाला, याच्याइतका निर्भीड माणूस खात्यात नाही. टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

८ जुलै
आज निर्णय घेणारच होतो. पण काळे घेतले आणि तपकिरी चांगले निघाले तर? फाइल गोड्याकडे अभिप्रायाला पाठवली. संध्याकाळी परत. शेरा: निर्णय आपलाच. आपलाच! इतकी वर्षं एका डब्यातून जेवलो आणि आता मला अहो-जाहो करतो.

२ सप्टेंबर
सकाळी तपकिरी नक्की केले. दुपारी काळे. घाई उपयोगाची नाही. मेहुण्याचा फोन आला तेव्हा मी बाथरूममध्ये होतो. बायकोचं बोलणं संपेपर्यंत तिथेच थांबलो.

१४ नोव्हेंबर
वर बर्फ पडला म्हणे. मेहुणा हल्ली फोन करत नाही. समजूतदार आहे पोरगा.

५ डिसेंबर
मेहुण्याच्या पायाची दोन बोटं कापावी लागली. मी बायकोला समजावलं, की दोष व्यवस्थेचा आहे. ती माझं वाक्य संपायच्या आत पिशवी भरून हॉस्पिटलात गेली. घरचंच माणूस असं उलटलं, तर बाहेरच्यांचं काय बोलायचं!

७ डिसेंबर
चौकशी. जबाबदार कोण, हे खात्यात पहिल्यांदाच चुटकीसरशी सापडलं. नाव एकच होतं. गोड्यानेच ते वाचलं, खणखणीत आवाजात. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो फाइलकडे. फार लागलं मनाला.
साहेब म्हणाले, सुधारणा यशस्वी, अभिनंदन. तुमच्यावरच्या कारवाईचं नंतर बघू, चौकीवर अजून माणसं आहेत, आत्ताच्या आत्ता सांगा, काळे की तपकिरी. मी आठ दिवसांची मुदत मागितली. गोड्याने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, 'काळे' लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं आणि सगळ्यांसाठी चहा सांगितला.
हे इतकं सोपं असतं, असं मला कुणी सांगितलंच नव्हतं. एकानेही नाही.